ताशी शंभरचा कंप आणि चाळीसची तपासणी

जपानात मोटारींची जी सक्तीची तपासणी ‘शाकेन’ या नावाने ओळखली जाते, आणि जिचा कायदेशीर पाया १९५१ सालच्या मार्गवाहन कायद्याने घातला, तिच्या काटेकोरपणाची कीर्ती आपल्याकडेही पोचलेली असून त्या कीर्तीत अतिशयोक्तीचा अंश फारसा नाही, ही गोष्ट तोक्योत काही वर्षे काढलेला कोणीही मनुष्य मान्य करील. ब्रेक कोणत्या चाकाला किती धरतो, पुढली चाके सरळ धावतात की धावता धावता एका अंगाला सरकतात, दिव्यांचा झोत कोठे पडतो, धुरात काय मिसळले आहे, गाडीच्या पोटाखाली कोठे तेल पाझरते आहे, या सर्वांची तेथे यथासांग झडती होते. ऑक्टोबर २०२४ पासून तर नव्या धर्तीच्या गाड्यांच्या संगणकाने आपल्या स्मरणात साठवलेले दोषसंकेतही पाहिले जाऊ लागले आहेत. इतके असूनही या तपासणीला एक मर्यादा आहे आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वेगदर्शक खरे बोलतो की नाही हे पाहण्यासाठी गाडीची चाके रोलरांवर फिरवतात ती ताशी ४० किलोमीटरचा आकडा येईपर्यंत, त्यापुढे नाही. जो दोष ताशी ९५ किलोमीटरच्या अलीकडे तोंडच दाखवीत नाही आणि जो कोणत्याही संगणकात संकेत म्हणून उमटत नाही, तो या कचेरीत हजरच होत नाही. आणि जो हजर झाला नाही त्याच्याविषयीचा निकाल ‘निर्दोष’ असाच लागतो.

असा एक दोष मला जवळून पाहावयास मिळाला तो कोतो या भागात. तोक्योच्या पूर्वेस, सुमिदा आणि आराकावा या दोन जलप्रवाहांच्या मध्ये, एदो काळापासून समुद्र हटवीत हटवीत माणसाने जी सपाट भूमी मिळवली तिच्यावर हा विभाग वसलेला आहे. कालवे, पूल, वखारी, शिन्किबाकडील लाकडाचे व्यापारी, तोयोसूचा मासळीबाजार, असा त्याचा व्यवहारी थाट असून, ओजिमा आणि कामेइदो या वस्त्यांत गेल्या काही वर्षांत मराठी कुटुंबेही बरीच स्थिरावली आहेत. येथे खाजगी मोटार बाळगणारा मनुष्य आधीच विरळा, आणि पिकअप बाळगणारा तर त्याहून विरळा. त्याला कारणेही आहेत. टोयोटाची हायलक्स जपानी बाजारातून नाहीशी होऊन तेरा वर्षांनी, २०१७ साली परत आली, मित्सुबिशीची ट्रायटन बारा वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत. दोन्ही गाड्या तयार होतात थायलंडमध्ये आणि जहाजाने येथे येतात. सव्वापाच मीटरांहून अधिक लांबीची ही धेंडे इमारतींखालच्या यांत्रिक वाहनतळांत मावत नाहीत, आणि वाहनतळाचा दाखला पोलिसांकडून मिळाल्याखेरीज गाडीची नोंदणीच होत नाही. शिवाय नोंदणी मालवाहू म्हणून होत असल्यामुळे द्रुतगती मार्गावर पथकर अधिक, आणि पहिली दोन वर्षे उलटली की तपासणी दरसाल. मे २०२० पासून या भागातील गाड्यांच्या पाटीवर ‘कोतो’ हे नाव झळकू लागले. त्यापूर्वी त्या आदाची कचेरीच्या नावाने फिरत असत. तेवढा एक अभिमान सोडला तर येथे पिकअप घेणे हा सर्वस्वी आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि तो करणाऱ्यास तशीच निकड असावी लागते. आमच्या एका स्नेह्यांस ती होती: डाळी, पिठे आणि मसाले यांची पोती शिन्किबाजवळच्या वखारीतून उचलून चिबा आणि नारिता या बाजूच्या उपाहारगृहांना पोचवण्याचा त्यांचा उद्योग आहे.

गाडी कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण माझी तक्रार कंपनीविरुद्ध नसून एका पद्धतीविरुद्ध आहे. गाडी कोरी करकरीत, ताशी ८० पर्यंत दुधासारखी. परंतु ९५ ओलांडताच आसनाखालून एक बारीक, अखंड थरथर सुरू होई, खाचेत ठेवलेल्या बाटलीतील पाण्यावर वलये उमटत, आरशातील मागच्या गाड्यांच्या कडा पुसट होत, आणि ११० च्या पुढे हे सारे पुन्हा काहीसे निवळे. स्टिअरिंग मात्र शांत. नव्या गाडीची महिन्याभराने जी तपासणी विक्रेता विनामूल्य करून देतो तिच्या वेळी त्यांनी ही कैफियत मांडली, आणि तेथील मेकॅनिकने ती अत्यंत अदबीने ऐकून घेऊन गाडी रस्त्यावर काढून आणली. आता कोतोतून निघालेला मनुष्य कोठवर जाणार? फुकागावावरून जाणाऱ्या उन्नत मार्गावर वेगाची मर्यादा ताशी ६० ची, तो मार्ग तात्सुमीपाशी ज्या किनारमार्गाला मिळतो त्यावर ८० ची. आणि कायदा पाळणारा जपानी नोकर दुसऱ्याच्या गाडीत ती मर्यादा ओलांडील ही अपेक्षाच गैर. तो परत आला, वाकून नमस्कार केला, आणि कागदावर ‘दोष आढळला नाही’ असे लिहून मोकळा झाला. त्यात असत्य काहीही नव्हते. पुढल्या खेपेस उत्तर थोडे बदलले: ही मालवाहू गाडी आहे, हिला शिडीसारखी चासी आहे, मागे कमानपाटे आहेत, रिकामी असता ती थोडी हलणारच, ही तिची प्रकृतीच होय.

हे दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा अधिक घातक, कारण ते अर्धे खरे आहे. पिकअपची चासी आणि तिच्यावरची केबिन ही दोन निराळी अंगे रबरी उशांवर एकमेकांशी जोडलेली असतात. मागला हौदा रिकामा असला की टनभर ओझ्यासाठी घडवलेले पाटे नुसते ताठ बसून राहतात. आणि चासी स्वतः लांब पट्टीसारखी दर सेकंदाला काही ठरावीक वेळा लवण्याची प्रवृत्ती बाळगून असते. या साऱ्यामुळे पिकअप मोटारीहून अधिक हलते हे कबूल. परंतु प्रकृती ही सर्व वेगांना आणि त्या घडणीच्या सर्व गाड्यांना सारखी लागू असावयास हवी. ठरावीक वेगाच्या अरुंद पट्ट्यात उगवणारी आणि शेजारच्या तशाच दुसऱ्या गाडीत न आढळणारी थरथर ही प्रकृती नव्हे, तो विकार होय. ‘हे असेच असते’ हे उत्तर ज्याला द्यावयाचे असेल त्याने तशीच दुसरी गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून दाखवावी.

विकाराचा छडा लावण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही, थोडी अंकगणिताची रुजवात लागते. अशा पिकअपच्या १७ इंची टायरचा घेर साधारणपणे अडीच मीटरांस किंचित कमी असतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेअठ्ठावीस मीटर. म्हणजे चाक सेकंदाला अकराहून थोडे अधिक फेरे करते. मागल्या धुरेतील दातांचे गुणोत्तर चाराच्या आसपास धरले तर गिअरपेटीपासून मागे जाणारा लांब दांडा, ज्याला आपले मेकॅनिक प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, तो सेकंदाला पंचेचाळीसच्या घरात फिरतो. इंजिनाचे फेरे गिअरवर अवलंबून असल्यामुळे ते वेगाशी बांधलेले नसतात. थरथर जर सेकंदाला अकरा-बारा वेळा असेल तर गुन्हेगार चाकात, तेवीसच्या आसपास असेल तरीही बहुधा चाकातच, पण एका फेऱ्यात दोनदा धक्का देणाऱ्या विकृतीत. पंचेचाळीसच्या आसपास असेल, आणि आसनापेक्षा कानालाच अधिक जाणवत असेल, तर दांड्यात, त्याच्या सांध्यांत किंवा मधल्या बेअरिंगमध्ये. हल्ली प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कंप मोजणारे यंत्र असते आणि त्याचे आलेख काढणारे कार्यक्रम फुकट मिळतात. शेजारी बसलेल्या माणसाने फोन आसनाच्या लोखंडी पट्टीवर टेकवून धरला की ज्या प्रश्नावर दोन महिने पत्रव्यवहार चालावा त्याचे निम्मे उत्तर एका मिनिटात मिळते. नारिताच्या रस्त्यावर, जेथे ताशी १०० ची मुभा आहे तेथे, आमच्या स्नेह्यांच्या गाडीने उत्तर दिले ते अकरा आणि बारा यांच्या मधले.

मग शंकानिरसन. रस्ता मोकळा पाहून क्षणभर गिअर न्यूट्रलवर आणला तरी कंप तसाच राहिला, तेव्हा इंजिन सुटले. तोक्योतील उन्नत मार्गांवर पुलांचे सांधे ठरावीक अंतराने येतात आणि प्रत्येक सांध्यावर गाडी दणका खाते. हा दणका आणि आपला कंप यांची गल्लत होऊ नये म्हणून जमिनीवरच्या गुळगुळीत डांबरी टापूत परीक्षा घेतली, तेथेही तो हजर. शेवटी जी युक्ती केली ती इतकी साधी की ती विक्रेत्याला सुचली नाही याचेच नवल वाटावे: पुढली दोन चाके मागे आणि मागली दोन पुढे बसवली. त्यासरशी आसनाखालची थरथर पुष्कळशी शमली आणि इतके दिवस शांत असलेले स्टिअरिंग हातात कापू लागले. चाकाबरोबर विकार पुढे चालून आला, त्याअर्थी धुरा, दांडा, पाटे आणि चासी ही सगळी मंडळी निर्दोष सुटली आणि मागल्या दोघांपैकी एका चाकावर आरोप निश्चित झाला. एक जॅक, एक पाना आणि अर्धा तास, एवढाच या शहानिशेचा खर्च.

चाक दोषी म्हणताच ‘बॅलन्सिंग करा’ असा सल्ला देण्यास कोणीही पुढे येतो, आणि पुष्कळदा तो योग्यही असतो. रिमच्या काठावर केवळ ३० ग्रॅम वजन एका बाजूस जास्त झाले तरी ताशी १०० च्या वेगात ते चाकाला तीन किलोंहून अधिक जोराने बाहेर ओढते, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ५० च्या वेगात ती चौथाईच राहते; कमी वेगात गाडी साळसूद आणि जास्त वेगात उनाड का, याचा उलगडा येथेच होतो. पण या गाडीचे बॅलन्सिंग विक्रेत्याने आधीच करून दिले होते, यंत्रावर चारही चाकांपुढे शून्य उमटले होते, आणि तरीही कंप होता. कारण बॅलन्सिंगचे यंत्र चाक अधांतरी फिरवते, आणि रस्त्यावर चाक अधांतरी फिरत नाही, पाचशे किलोंचे ओझे डोक्यावर घेऊन फिरते. टायर हा रबर, दोरे आणि पोलादी तारा यांचे थर गुंडाळून केलेला असतो. कोठे थरावर थर किंचित अधिक आला की तेवढी जागा इतरांपेक्षा कडक होते, आणि वजन सर्वत्र समान असले तरी प्रत्येक फेऱ्यात ती कडक जागा जमिनीशी आली की धुरेला एक धक्का वर मिळतो. आपल्या जुन्या जात्याची वरची तळी तोलून पाहिली तर समतोल भरेल, पण तिच्या दळत्या अंगावर कोठे उंचवटा राहिला असेल तर ती दर फेऱ्याला उचलणारच, तसेच हे.

हा कडकपणा मोजता येतो. फिरत्या चाकावर जाड रोलरचा दाब देऊन, म्हणजे रस्त्याचे सोंग आणून, तो किती किलोंनी कमीजास्त होतो हे सांगणारी यंत्रे निघून आता बराच काळ लोटला. टायर तयार करणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो: नव्या टायरच्या बाजूवर जो तांबडा ठिपका दिसतो तो याच सर्वांत कडक जागेची खूण, आणि पिवळा ठिपका सर्वांत हलक्या जागेची. रिमही कधी शंभर टक्के गोल नसते. तिची सर्वांत खोलगट जागा जेथे असेल तेथे तांबडा ठिपका आणून टायर बसवला की एकाचे उणे दुसऱ्याच्या अधिकाने भरून निघते. आमच्या स्नेह्यांनी स्वखर्चाने एका टायरवाल्याकडे अशा यंत्रावर चाके चढवली. आधी डावीकडे मागे असलेले चाक इतरांहून स्पष्टपणे निराळे निघाले. त्या गृहस्थाने टायर रिमवरच अर्धा फेरा फिरवून बसवला, पुन्हा बॅलन्सिंग केले, आणि १०० च्या वेगात बाटलीतले पाणी जवळजवळ स्थिर राहिले. जवळजवळ म्हणतो, कारण फार लक्ष देऊन पाहणाऱ्यास आजही एक हलकी झुळूक जाणवते. पिकअपच्या प्रकृतीचा जो खरा वाटा असेल तो एवढाच.

आता या साऱ्याचा भार कोणी सोसला ते पाहा. विक्रेता म्हणतो, टायर हे वाहनाच्या हमीत येत नाहीत, त्यांची हमी टायर कंपनीची. टायर कंपनी म्हणते, टायर फुटलेला नाही, फुगलेला नाही, तो रिमवर कसा बसवावा हे गाडी जुळवणाऱ्याने पाहावयाचे. दोघांचेही कलम आपापल्या जागी पक्के, आणि ग्राहक मात्र त्या दोन कलमांच्या मधल्या फटीत. ही टोलवाटोलवी केवळ जपानातली नव्हे. भारतात नव्या गाडीबरोबर येणारे हमीपत्र उघडून पाहावे, टायर आणि बॅटरी यांच्या नावापुढे त्या त्या उत्पादकाकडे बोट दाखवलेले आढळेल. जपानच्या दिवाणी संहितेत १ एप्रिल २०२० पासून सुधारणा अमलात येऊन, करारानुसार नसलेला माल मिळाल्यास विक्रेत्याकडे दुरुस्ती वा बदली मागण्याचा हक्क अधिक स्पष्ट झाला, परंतु माल करारानुसार नाही हे दाखवण्याचे काम घेणाऱ्याकडेच राहिले. अमेरिकेत कनेक्टिकट आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी १९८२ सालीच असा कायदा केला की ठरावीक प्रयत्नांनंतरही नव्या गाडीचा गंभीर दोष हटला नाही तर उत्पादकाने ती बदलून द्यावी किंवा तिची किंमत परत करावी; दक्षिण कोरियाने २०१९ पासून त्या दिशेने पाऊल टाकले; जपानने आणि भारताने नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे आताच पाहावे असे मला वाटते, आणि त्याचे कारण रस्ते बिघडले हे नसून सुधारले हे आहे. ज्या काळात नगर किंवा धुळ्याच्या रस्त्यावर ताशी ६० गाठणे हाच पराक्रम होता, आणि खड्डाच गाडीला इतका हलवीत असे की चाकाचा स्वतःचा दोष त्या गदारोळात ऐकूच येत नसे, त्या काळात ही तक्रार करणारा मनुष्य चैनी ठरला असता. आज मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला आहे आणि त्याच्या सपाट टापूत मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे. हायलक्सही २०२२ पासून भारतात मिळते. आणि ज्यांचे पोट पिकअपवर आहे असे भाजीवाले, द्राक्षबागाईतदार, कुक्कुटपालक तर आपल्याकडे गावोगाव आहेत. काँक्रीटच्या रस्त्यावर एक खबरदारी मात्र अधिक घ्यावी लागते: त्याचे तुकडे साधारण साडेचार मीटरांचे असतात, म्हणून ताशी १०० ला सेकंदाला सहा धक्के रस्ताच देतो, आणि रिकाम्या हौद्याची पिकअप त्या तालावर डोलू लागते. सहाचा डोल रस्त्याचा, अकराची थरथर चाकाची. हा भेद ज्याने टिपला नाही त्याला सर्व्हिस सेंटरवाला ‘रस्ता खराब आहे, साहेब’ असे सांगून सहज वाटेला लावतो.

आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० मध्ये अमलात आला, त्यात सदोष माल योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून पंचेचाळीस दिवसांत अहवाल मागवण्याचा अधिकार आयोगाला आहे. तेल, खत, औषध यांना ही तजवीज उत्तम लागू पडते. परंतु केवळ १०० च्या वेगात प्रकट होणाऱ्या कंपाचा नमुना बाटलीत भरून लाखबंद करता येत नाही, आणि आयोगापुढे शेवटी दप्तरात काय लिहिले आहे तेच बोलते. त्या दप्तरात ओळीने तीन जॉबकार्डे ‘दोष आढळला नाही’ असे सांगत असली तर तक्रारदार आरंभीच हरलेला असतो.

म्हणून माझी मागणी नव्या कायद्याची नाही, जॉबकार्डावरील चार रकान्यांची आहे. चाचणी कोणत्या वेगापर्यंत घेतली; कंप आसनात, स्टिअरिंगमध्ये की पायाखाली जाणवला; त्याचा सेकंदाचा आकडा किती; आणि दाबाखाली फिरवून प्रत्येक चाक किती कमीजास्त भरले. यांपैकी पहिला रकाना रिकामा असेल, किंवा तेथील आकडा ग्राहकाने सांगितलेल्या वेगाहून कमी असेल, तर ‘दोष आढळला नाही’ हा शेरा आयोगाने पुराव्यात धरू नये, आणि तेथून पुढे गाडी निर्दोष आहे हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर जावा. टायरबाबत तर निकाल अधिकच सोपा असावा: गाडी ज्याने चार चाकांसह विकली त्यानेच ती चार चाकांसह निस्तरावी, आणि टायर कंपनीकडून काय वसूल करावयाचे ते त्याचे त्याने पाहावे.

यावर विक्रेत्यांची हरकत ठरलेली आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. कोतोतील मेकॅनिकला ताशी १०० चा कायदेशीर रस्ता गाठण्यासाठी तोक्यो सोडून बाहेर जावे लागते, दादर किंवा डेक्कनवरील त्याच्या बंधूला शहराच्या रहदारीतून वाट काढून मोकळा टापू गाठावा लागतो; जातायेता निम्मा दिवस जातो, डिझेल जळते, आणि एवढे करून दोष ग्राहकाच्या मनातच निघाला तर तो खर्च कोणाच्या माथी मारावयाचा? ग्राहकाने त्या फेरीची मजुरी आगाऊ जमा करावी असे ठरले तर माझी काही हरकत नाही. नव्या पिकअपसाठी लाखो रुपये मोजणारा मनुष्य तेवढे देईल. मात्र आकडा अकराचा निघाला, की ती मजुरी, आणि दरम्यान त्याने बाहेरच्या टायरवाल्याला दिलेली रक्कम, विक्रेत्याने पावतीबरहुकूम परत केली पाहिजे.